तात्यांच्या बोटीचा पत्रा

मी एका चांगल्या बोटीला भंगारात घातलं. जाडी मोजायचं मशीन माझ्या हातात होतं, पत्रा चांगला आहे हे मला समजत होतं, आणि तरी मी तो गेलाय असं सगळ्यांसमोर सांगितलं. माणूस ‘चूक झाली’ म्हणतो तेव्हा त्यात थोडा अपघात धरलेला असतो. माझ्या चुकीत तो धरता येत नाही. मी ती ठरवून केली आणि करताना मला आनंद झाला. तो आनंद वगळून लिहिलं तर कबुली निम्मीच होईल, म्हणून तोही लिहितो आहे.

आमचं गाव इंदापूर तालुक्यात, धरणाच्या फुगवट्याच्या काठावर. पलीकडचा काठ डोळ्यांना दिसतो, पण रस्त्याने जायचं तर हायवेच्या पुलावरून मोठा वळसा पडतो. त्यामुळे माणसं, मोटारसायकली, शेळ्या, केळीचे घड, कुणाच्या लग्नाची भांडी, सगळं लोखंडी बोटीतून जातं. मी गावात राहत नाही आता. काटेवाडी सोडून इंदापूरकडे निघालं की रस्त्याला माझी वेल्डिंगची शेड आहे. उसाच्या ट्रॉल्या, पाण्याचे टँकर, आणि अधूनमधून बोटीची दुरुस्ती.

जुनी बोट विकायला निघाली की इंजिनाकडे कुणी फारसं बघत नाही. इंजिन बदलता येतं. रंग तर एका दुपारचं काम. बघतात तो पत्रा. नवी बोट चार मिलिमीटरच्या प्लेटची बांधतात. मग पाणी, गंज आणि उन्हाळ्यात फुगवटा उतरला की वर येणाऱ्या बुडीत गावठाणांच्या भिंती, हे सगळे मिळून ती प्लेट खात राहतात. अर्धा मिलिमीटर गेला तरी बोट पाण्यावरच्या भावाने, म्हणजे चालत्या बोटीच्या किमतीला जाते. जाडी निम्म्यावर आली की गिऱ्हाईक हात मागे घेतं, आणि मग राहतो काट्यावरचा भाव, म्हणजे भंगारवाल्याचा, वजनावर. बोट तीच, रंग तोच. पण एका भावात माणूस नवं काहीतरी उभं करतो आणि दुसऱ्या भावात त्याच्या हाती गाडीभाडं जाऊन चहापाणी उरतं.

म्हणून आमच्याकडे एक रीत आहे. विकणारा एक माणूस निवडतो, घेणारा त्याला मान्यता देतो. तो माणूस काठावर ओढलेल्या बोटीला लोकांसमोर हातोडा मारतो. चांगला पत्रा टणकन वाजतो, खाल्लेला भद्द आवाज देतो. हातोडेवाला जे सांगेल त्यावर उलट बोलायचं नाही, विकणाऱ्याने नाही आणि घेणाऱ्यानेही नाही. बोललात तर पुढे तुमच्या बोटीला हातोडा लावायला कुणी येत नाही.

माझ्या वडिलांनी, आबांनी, हीच रीत मोडली होती. तात्यांकडून बोट घेताना त्यांनी हातोडा मारून घेतला नव्हता. तात्या म्हणजे गावातले मोठे बोटवाले, वडिलांचे लहानपणापासूनचे सोबती. दोघं एका नावेवर पोहायला शिकले. तात्यांनी नवी बोट बांधायला टाकली आणि जुनी वडिलांना दिली. आमची लाकडी नाव तेव्हा मोडकळीला आली होती. लोखंडी बोट दारात आली म्हणून आईने तिच्यावर नारळ फोडला. तिच्या डांबराचा वास मला अजून आठवतो, नवा आणि दाट.

पुढच्या उन्हाळ्यात पाणी उतरलं, जुन्या गावठाणाच्या भिंतीला बूड घासलं आणि पत्रा फाटला. वडिलांनी कशीबशी बोट काठाला लावली. माणसं कमरेपर्यंत भिजली, पण सगळी सुखरूप उतरली. बोट उलटी केल्यावर डांबराखाली काय होतं ते दिसलं. पिंपाच्या पत्र्याची ठिगळं, त्यांच्यावर ठिगळं. मूळ प्लेट बोटाने दाबली तर आत जात होती.

तात्या काठावरच उभे होते. वडील त्यांच्याकडे बघत होते, काहीतरी बोलतील म्हणून. तात्या बोलले.

“अरं गड्या, पत्रा म्हणून पापड घेतलास व्हय? आता तळ आन् खा!”

सगळा काठ हसला. भिजलेली माणसंसुद्धा हसली. वडीलही हसले, हे मला सगळ्यात जास्त लागलं.

त्या दिवसापासून वडील ‘पापडवाला’ झाले. मी शाळेत पापडवाल्याचा. बोट भंगारात गेली आणि वडील तात्यांच्याच नव्या बोटीवर दोर बांधायला, गाड्या चढवायला लागले. तात्या त्यांना चहा पाजायचे, सणाला कपडे द्यायचे. वडील शेवटपर्यंत तात्यांना चांगलं म्हणत. दहाव्याला नदीकाठी पिंडाजवळ बसलो होतो तेव्हा मागे कुणी उशिरा आलेल्या पाहुण्याला सांगत होतं, “पापडवाल्याचा दहावा हाय आज.” मी मागे वळलो नाही. पण कावळा शिवायच्या आत मी मनात एक गोष्ट ठरवून टाकली होती.

लोणी देवकरच्या एमआयडीसीत मी काही वर्षं टाक्या बनवणाऱ्या कारखान्यात होतो. तिथे जाडीचं मशीन चालवायला शिकलो. मोबाइलएवढं यंत्र, वायरीच्या टोकाला बटणासारखं डोकं. रंग घासायचा, जेल लावायची, डोकं टेकवायचं, आकडा येतो. प्लेट फोडावी लागत नाही, उलटी करावी लागत नाही. इतर पोरं ते मशीन टेबलावर, डब्यावर, साहेबांच्या गाडीवर लावून मजा करायची. मी पहिल्यांदा ते हातात घेतलं तेव्हा मला तात्यांची बोट दिसली. शेड काढली तेव्हा कर्जाने वेल्डिंग सेट घेतला, पण त्याआधी हे मशीन घेतलं. ट्रॉलीवाल्याला ते लागत नाही. मला लागत होतं.

हळूहळू काठावर हातोड्याच्या जागी मला बोलावू लागले. ‘मिस्तरीचं मशीन’ म्हणजे शेवटचा शब्द झाला. मी कुणाला फसवलं नाही, एकदाही नाही. माझा शब्द खरा असणं मला गरजेचं होतं. तो मी एका दिवसासाठी जपून ठेवत होतो.

मागच्या थंडीत तात्यांचा फोन आला. वयाने आवाज बारीक झाला होता, तरी हुकूम तसाच.

“मिस्तरी, बोट काढतोय. तुजं मशीन घिऊन ये.”

“का ओ तात्या, एवढी चालती बोट?”

“पोरगा न्हाय म्हणतोय धंदा कराया. माळावर पेरू लावलाय दोघांनी. पाणी खाली आन् झाडं वर. बोट पाण्यावरच्या भावात गेली की पाइपलाइन करतो, मग सुटलो. ह्या उन्हाळ्याच्या आत व्हाया पायजे बघ.”

मी हो म्हणालो आणि फोन ठेवून शेडमध्ये उगाच हातोडा आपटत राहिलो.

काठावर जत्राच होती. घेणारा पलीकडच्या बाजूचा, गळ्यात उपरणं, बोटीपेक्षा माझ्याकडे जास्त बघणारा.

“ये मिस्तरी!” तात्या म्हणाले. “पाव्हणं, ह्यो आमच्या गावचा. ह्यो म्हणंल ती जाडी.”

“गावचा म्हणल्यावर तुमच्याच बाजूनं बोलायचा की वो.”

“मशीनला कुठं सोयरं असत्यात?”

लोक हसले. मी वाकून बुडाच्या मधोमध एक हातोडा मारला. बोट अशी वाजली की देवळातली घंटा मागे पडावी. तात्यांनी ती खरंच निगुतीने ठेवली होती. दर उन्हाळ्याला ओढून काढत, खरवडत, रेडऑक्साइड लावत. दुसऱ्याला सडका माल देणारा माणूस स्वतःच्या मालाला किती जपतो, हे त्या आवाजातून कळलं आणि माझा राग दुप्पट झाला. मी हातोडा लगेच खाली ठेवला, पुन्हा वाजू नये म्हणून.

“हातोड्याचा जमाना गेला,” मी म्हणालो. “रंगाखाली आवाज फसवतो. मशीनच लावू.”

बोटीचा पत्रा सगळीकडे सारखा झिजत नाही. पुढचं टोक रोज काठावर घासतं. इंजिनाचं गरम पाणी मागे एकाच जागी पडत राहतं. आणि बाहेरून पाण्याची रेघ जिथे येते तिथे अर्धा दिवस ओलं, अर्धा दिवस ऊन, म्हणून तिथे गंज आधी धरतो. या जागा पातळ असणारच. त्या कापून नवी पट्टी मारतात, त्याला दुरुस्ती म्हणतात. बोटीचा भाव ठरतो तो मधल्या बुडावर, कारण भार तिथे असतो. इमानदार माणूस आधी बूड मोजतो.

मी टोक मोजलं. मग इंजिनामागची जागा. मग पाण्याची रेघ. प्रत्येक वेळी मशीन पाहुण्याच्या डोळ्यांसमोर धरलं. आकडे खरे होते. पाहुण्याचं तोंड उतरत गेलं.

“आन् मधी?” त्याने विचारलं.

“कडंला असं, तर मधी काय असंल पाव्हणं?”

मी फक्त प्रश्न विचारला होता. असं मी स्वतःला पुढे पुष्कळ दिवस सांगत होतो. मधल्या बुडाला मी मशीन लावलंच नाही.

“पत्रा गेलाय तात्या. पाण्यात घालू नका.”

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. “पर मिस्तरी, गेल्या साली मी सोता खरवडला की. येकदा मधी...”

“तात्या,” गर्दीतून कुणी म्हणालं, “हातोडेवाल्याला उलट बोलायचं न्हाय. तुमीच शिकिवलंया आमाला.”

एवढी वर्षं दातांखाली धरलेलं वाक्य मी तेव्हा सोडलं.

“पापड झालाय तात्या, पापड. आता तळा आन् खा.”

काठ हसला. अगदी तसाच. मी तात्यांच्या चेहऱ्याकडे टक लावून होतो, ओळख पटेल म्हणून. पटली नाही. त्यांना काही आठवलंच नाही. ते कसनुसं हसून “व्हय का, व्हय का” म्हणत बोटीच्या कडेवर हात फिरवत राहिले. ज्याने शब्द मारला त्याच्या तो लक्षातही नव्हता आणि आम्ही तो आडनावासारखा वागवला. माझा निम्मा आनंद तिथेच गेला. उरलेला निम्मा मात्र मी घरी घेऊन आलो.

आई माझ्याकडेच असते. चुलीपुढे ती भाकरी थापत होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, अभिमानाने. टोक, इंजिन, रेघ, पापड. तिने भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं.

“तुज्या बापाला हातोडा तात्यानंच पुढं केला व्हता,” ती म्हणाली. “मी तितंच व्हते. ‘हाण की,’ म्हणला. ह्यांनी हात लावला न्हाय. म्हणं, तुमच्या बोटीला हातोडा मारू व्हय?”

“आबा मारणार नाहीत हे त्याला ठाऊक होतं. म्हणून तर पुढे केला!”

“व्हय. ठावं व्हतं त्येला.” तिने भाकरी उलटली. “आन् तुला बी ठावं व्हतं की, त्यो तुज्या मशीनला उलट बोलायचा न्हाय.”

मी जेवलो नाही. राग आईचा आला होता. रात्रभर मी तिच्याशी मनात भांडत राहिलो की दोन्ही गोष्टी एक नाहीत. त्याने फायद्यासाठी केलं, मी बापासाठी. त्याने लपवलं, मी मोजलं. पण सगळे मुद्दे मांडून झाले तरी तिचं वाक्य तिथेच बसलेलं असायचं.

बोट काट्याच्या भावात गेली. भंगारवाला बारामतीचा, नेहमी माझ्याकडूनच कापून घेणारा. त्याने ट्रेलरवर घालून ती सरळ माझ्या शेडपुढे आणून उतरवली. नाही कशाच्या आधारावर म्हणणार होतो? गॅस कटर पेटवला आणि मधल्या बुडातून पहिली चीर घेतली. तुकडा पडला, थंड झाला, मी कड ग्राइंडरने घासली. चकचकीत, भरीव, एकसारखी कड. मशीन न लावताही कळत होतं. तरी लावलं. नव्या प्लेटपेक्षा नखभर कमी.

भंगारवाला शेजारी उभा होता. “मिस्तरी, ह्यो तर मस्त माल हाय की. कुणी भंगारात काढला येड्यानं?”

मी कटर चालू ठेवला, आवाजात बोलावं लागू नये म्हणून. तळहाताएवढा एक तुकडा मात्र बाजूला सारून ठेवला.

उन्हाळा आला. मी गावाकडे जायचं टाळत होतो, पण भावकीत लग्न निघालं. माळाच्या रस्त्याने जाताना तात्यांचा पेरू दिसला. खाली फुगवट्याचं पाणी चमकत होतं आणि वर झाडांची पानं वळून तपकिरी झाली होती. तात्यांचा मुलगा टँकरच्या पाइपने एकेका आळ्यात पाणी सोडत होता, कडेच्या ओळींपर्यंत तो पोहोचतच नव्हता. त्या ओळी संपल्या होत्या. मला वाटलं होतं बघून बरं वाटेल. मी खरंच थोडा थांबलो, बरं वाटण्यासाठी. वाटलं नाही. झाडांनी आमच्या बापाला काही म्हटलं नव्हतं.

तरीही मी तात्यांकडे गेलो नाही. त्यांनी कधी माझ्या वडिलांची माफी मागितली होती? पहिल्यांदा त्यांनी मागावी. मी हे धरून पाऊसकाळ काढला.

दिवाळीनंतर गावातल्याच दुसऱ्या बोटवाल्याचा फोन आला. त्याला बोट विकायची होती.

“मिस्तरी, तुमीच या. घेणाऱ्याचा कुणावर इस्वास न्हाय. पर तात्यांनी त्येला सांगितलं, मिस्तरीला बोलवा. म्हणले, गावचा असून माज्या तोंडावर माजा पत्रा गेला म्हणून सांगितला, भीड न्हाय ठिवली. असा माणूस खोटं बोलायचा न्हाय.”

मी येतो म्हणालो. तात्यांनी शिवी दिली असती तरी सोपं गेलं असतं. निघताना मशीनच्या पिशवीत तो तुकडा टाकला. काढीन की नाही, माहीत नव्हतं.

काठावर तीच गर्दी. तात्या दगडावर बसलेले, हातात काठी. मी आलेला बघून त्यांनी घेणाऱ्याला हाक मारली. “ह्योच त्यो. इचारा कुणालाबी, माजी बोट ह्यानंच भंगारात घातली!” आणि ते हे कौतुकाने म्हणाले.

मी मशीन पिशवीत ठेवलं आणि तुकडा काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी कडेवरून अंगठा फिरवला. बोटवाल्याचा अंगठा तो. फार वेळ लागला नाही.

“झ्याक पत्रा हाय. कुठला ह्यो?”

“तुमच्या बोटीचा. मधल्या बुडाचा.”

मागे कुणीतरी “आयला” म्हणालं.

“मधलं बूड मी मोजलंच नव्हतं तात्या. मुद्दाम.”

“का रं?”

“पापड.”

“कसला पापड?”

पुन्हा तेच. मी सगळं सांगितलं, फाटलेलं बूड, ठिगळं, त्यांचा विनोद, दहाव्याला ऐकलेलं नाव. सांगताना माझा आवाज चढला होता आणि माफी मागायला आलेल्या माणसासारखा मी दिसत नसणार. तात्या खाली बघून ऐकत होते.

“हातोडा म्या दिला व्हता त्येला,” ते शेवटी म्हणाले.

“दिला होतात. आबा मारणार नाहीत हे ठाऊक असून.”

तात्या काठीचं टोक चिखलात फिरवत राहिले. मी वाट बघितली. मग माझ्या लक्षात आलं की मी त्यांच्या माफीची वाट बघतोय, आणि ती आली तरच माझी देणार आहे.

“ते तुमचं तुमच्यापाशी,” मी म्हणालो. “पेरूच्या रानापर्यंत पाइपलाइन मी टाकून देतो. आणि माझं चुकलं.”

“पाइपचं मागनं बघू.” तात्यांनी मान वर केली. डोळे ओले होते, पण आवाज पुन्हा बोटवाल्याचा झाला होता. “भंगार म्हणताना केवढ्यानं वरडला व्हतास. पार पल्याडपत्तूर गेलं. आता तेवढ्यानं बोल की.”

कुणी हसलं नाही. मी गर्दीकडे तोंड केलं. मघाशी तात्यांनी माझं कौतुक ज्याला ऐकवलं तो घेणारा पुढेच उभा होता. मी मोठ्याने म्हणालो, “तात्यांच्या बोटीचा पत्रा चांगला होता. मी सगळ्यांसमोर तो गेलाय असं खोटं सांगितलं. तात्या, माझं चुकलं, मला माफ करा.”